संगणकाचीही आगोट करा

मिरग तोंडावर आला की कोकणातल्या गृहिणीला कुणी काही सांगावं लागत नाही. आमसुलं वाळून बरणीत गेलेली असतात, आंब्याफणसाच्या पोळ्यांवर शेवटचं ऊन फिरलेलं असतं, मसाला कुटून झालेला असतो आणि पडवीला ताडपत्री लागलेली असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या या बेगमीला आमच्याकडे ‘आगोट’ म्हणतात. घाटावरच्या मैत्रिणींना शब्द कदाचित नवा वाटेल, पण काम नवं नाही. वर्षाचं धान्य भरणारी प्रत्येक बाई ते करतेच.

घरात कॉम्प्युटर आला, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मुलांच्या दाखल्यांच्या प्रती, लग्नामुंजीचे फोटो, घरखर्चाचा हिशेब, बागेचा सातबारा, एवढंच काय, सासूबाईंच्या औषधांची यादीसुद्धा त्याच्याच पोटात असते. पण त्याची आगोट कुणी केल्याचं फारसं ऐकू येत नाही. तो बंद पडला की मात्र घरभर धावपळ होते.

आमच्या रत्नागिरीत तर त्याच्यावर घराची मिळकतही अवलंबून असते. इथल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरीबरोबर सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हेही त्यात आहेत. दलालाच्या हाती पेटी देण्याऐवजी ती थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पाठवावी, असं वाटणारी घरं पुष्कळ आहेत. मग त्यासाठी एक लहानशी वेबसाइट केली जाते. तिच्यावर आंबा, आंबापोळी, कोकम सरबत, कुळथाचं पीठ मांडलं जातं. मागण्या येतात, त्यांची नोंद आणि हिशेब बहुतेक घरांत बाईच ठेवते. कॉम्प्युटर मात्र मुलाचा, फोन यजमानांचा आणि वेबसाइट ‘त्या अमक्या मुलानं करून दिलेली’ असते.

मी दुपारी शाळेत शिकवते आणि सकाळ-संध्याकाळ घर सांभाळते. मी काही इंजिनिअर नव्हे. पण घरच्या आणि शेजारच्या यंत्रांच्या तक्रारी निस्तरताना एक गोष्ट मनात पक्की बसली, ती तुम्हांला सांगावीशी वाटते. यंत्र कधीतरी बिघडणारच. बिघडल्यावर आपल्या हातात काय उरतं, हे मात्र आपण आधी काय केलं यावर ठरतं.

खारा वारा आणि दमट हवा

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात समुद्राचा खारा वारा. खिडकीचे गज जसे गंजतात, तशीच कॉम्प्युटरच्या आतली तांब्याची टोकंही काळवंडतात. मग एके दिवशी बटण दाबावं, पंखा फिरावा, पण पडद्यावर काहीच येऊ नये, असं होतं.

म्हणून पहिली गोष्ट जागेची. समुद्राकडच्या खिडकीशी कॉम्प्युटर ठेवू नका. भिंतीला चिकटवूनही नको. मागे वीतभर जागा राहू द्या, म्हणजे गरम हवा बाहेर पडेल. पावसाळ्यात काम नसलं तरी रोज अर्धा-एक तास तो चालू ठेवा. त्याच्या स्वतःच्या उबेनं आतली दमट हवा निघून जाते. महिनाभर बंद राहिलेलं यंत्र लवकर खराब होतं.

त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण घालण्याची हौस पुष्कळ घरांत असते. धूळ बसत नाही हे खरं, पण आत ओल कोंडते. जुन्या सुती साडीचं आवरण शिवा, आणि तेही यंत्र थंड झाल्यावर घाला. वर्षातून दोनदा, एकदा मिरगाआधी आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत, वायर काढून मऊ ब्रशानं आतली धूळ झाडून घ्या. खाऱ्या हवेतली धूळ ओल धरून ठेवते.

मुंग्या आणि पाली यांचाही विचार करावा. आत ऊब असते आणि मुलं कीबोर्डसमोर बसून लाडू खातात. मग मुंग्यांनी घर का करू नये? मागच्या बाजूला एखादी पट्टी निघून भोक पडलं असेल तर ते बंद करून घ्या. त्यातून पाल आत शिरते, वीजपुरवठ्याच्या डब्यात मरते आणि डबा जाळून जाते.

वीज आणि अर्थिंग

कॉम्प्युटरच्या लोखंडी पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार मी कितीतरी घरांत ऐकली आहे. ‘थोडा करंट येतो, चालायचंच,’ असं म्हणून सोडून देऊ नका. याचा सरळ अर्थ असा की घराचं अर्थिंग बरोबर नाही. आपल्याकडे घराखाली जांभा. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. वायरमनला बोलावून ते तपासून घ्या, खड्ड्यात पाणी घालण्याची सोय ठेवा. अर्थिंग नसेल तर बाजारातून आणलेला महागातला स्पाइक गार्डही नावापुरताच राहतो.

मे महिन्यातल्या वळवात आणि पुन्हा परतीच्या पावसात विजा फार होतात. आभाळ गडगडू लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग भिंतीतून ओढून काढा. राउटरचा प्लगही काढा. फायबरचा धागा काचेचा असतो, त्यातून वीज येत नाही हे खरं. पण राउटरचा अडॅप्टर तर विजेच्या तारेलाच जोडलेला असतो ना!

यूपीएसविषयी एक गैरसमज आहे. लाइट गेल्यावर तासभर काम करता यावं म्हणून तो नसतो. हातातलं काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटं तो देतो, आणि तेवढीच घ्यावीत. त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांनी थकते. यूपीएस घेतल्याची तारीख त्याच्यावरच चिठ्ठी चिकटवून लिहा, आणि मे महिन्यात एकदा भिंतीचं बटण बंद करून तो किती वेळ टिकतो ते पाहा. चाचणी करण्यापूर्वी चालू काम मात्र जतन करून घ्या.

चालूच होत नाही!

दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी तीन गोष्टी स्वतः बघा. मागच्या वायरी घट्ट बसल्या आहेत का? पडद्याचा स्वतंत्र दिवा लागला आहे का? यूपीएस चालू आहे का? निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पंखा फिरतो पण चित्र येत नाही, असं असेल तर पुष्कळदा रॅमची पट्टी कारण असते. वीज पूर्ण तोडून, पट्टी काढून, तिची पिवळी टोकं पेन्सिलच्या खोडरबरानं हलकेच पुसून परत बसवली की यंत्र सुरू होतं. पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून करून घ्या, आणि तो करत असताना शेजारी उभं राहून बघा.

दुसरी तक्रार विचित्र वाटते, पण नेहमीची आहे. जुन्या कॉम्प्युटरवर एकाएकी कुठलीच वेबसाइट उघडत नाही आणि ‘हे ठिकाण सुरक्षित नाही’ असे इशारे येऊ लागतात. घरातला प्रत्येकजण इंटरनेटवाल्याला बोल लावतो. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. ती दहा-पंधरा वर्षं मागे गेलेली असेल, तर दोष इंटरनेटचा नाही. प्रत्येक वेबसाइटजवळ तिची ओळख पटवणारा एक दाखला असतो आणि त्याला मुदत असते. यंत्राचं घड्याळच चुकलं तर सगळेच दाखले त्याला मुदतीबाहेरचे वाटतात. आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, तिला ‘सीआर २०३२’ म्हणतात. ती संपली की वीज गेल्यावर यंत्र तारीख विसरतं. थोडक्या पैशांत मिळते, बदलून घ्या.

आणखी एक. विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं आपला नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. यंत्र चालत राहतं, म्हणून कळत नाही. पण नव्या चोरवाटा बुजवण्याचं काम त्या तारखेनंतर पूर्वीसारखं होत नाही. ज्या यंत्रावरून बँकेचा व्यवहार होतो, त्यावर विंडोज ११ चढतं का ते विचारा. चढत नसेल तर उबुंटूसारखी मोफत प्रणाली घालून जुनं यंत्र मुलांच्या अभ्यासाला ठेवता येतं. मराठी तिच्यातही लिहिता येतं.

पाणी चिपळूणचं आणि आग स्ट्रासबर्गची

आता मूळ मुद्द्याकडे येते. यंत्र नवं आणता येतं. आतलं आणता येत नाही.

आमच्या जिल्ह्यानं हे दोन वर्षांत तीनदा पाहिलं असं म्हटलं तर चूक नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, पण दापोली-मंडणगडची घरं आणि बागा त्यानं उलथून टाकल्या. कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. दुकानं बुडाली, घरांचे तळमजले बुडाले. कपाटातल्या वह्या गेल्या तशा टेबलाखालचे कॉम्प्युटरही गेले. वर्षानुवर्षांचे हिशेब चिखलात गेले.

‘आमचं सगळं कॉम्प्युटरात नाही, इंटरनेटवर आहे, तिथे कुठला पूर येतो?’ असं कुणी म्हणेल. पण त्याच वर्षी, चिपळूणच्या पुराआधी चार महिने, १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या इमारतीला आग लागली. पाच मजली इमारत यंत्रांसकट जळाली. सुदैवानं माणूस कुणी दगावलं नाही, पण जगभरच्या लाखो वेबसाइट एका रात्रीत बंद पडल्या. ज्यांच्याकडे दुसरीकडे प्रत होती ते थोड्या दिवसांत उभे राहिले. ज्यांची राखीव प्रतही त्याच आवारात होती, त्यांच्यापैकी कित्येकांचं सर्वस्व गेलं. इंटरनेट म्हणजे काही आकाश नव्हे. तेही कुठल्यातरी गावातल्या कुठल्यातरी इमारतीत ठेवलेलं यंत्रच असतं.

म्हणून जाणकारांनी एक सोपा नियम घालून दिला आहे: तीन, दोन, एक. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. घरच्या भाषेत सांगायचं तर एक कॉम्प्युटरात, एक बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर आणि एक इंटरनेटवरच्या साठ्यात किंवा माहेरी भावाच्या कपाटात. घरातली हार्ड डिस्क घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, पाकिटांतून येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, वरच्या फळीवर ठेवा. आणि वर्षातून एकदा ती जोडून, त्यातले दोन-चार फोटो उघडून पाहा. लोणच्याची बरणी आपण मधूनमधून उघडून बघतोच की!

समजा यंत्र भिजलंच, तर ‘चालतंय का बघू’ म्हणून बटण दाबू नका. भिजल्यानं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं ओल्या यंत्रात वीज सोडल्यानं होतं. आधी त्या जागेचा मेन स्विच बंद करा, मगच प्लगला हात लावा. हार्ड डिस्क काढून जाणत्या माणसाच्या हाती द्या. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तरी तेच करा. ती बंद ठेवण्यातच शहाणपण आहे.

वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर?

ज्यांच्या घरची वेबसाइट आहे किंवा करायचं मनात आहे, त्यांनी हा भाग जरा सावकाश वाचावा. वेबसाइटमध्ये तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. ही तुमच्या दुकानाची पाटी आणि पत्ता. दुसरी होस्टिंग, म्हणजे माल मांडायला भाड्यानं घेतलेली जागा. तिसरी म्हणजे प्रत्यक्ष माल, तुमची पानं आणि फोटो. पाटीचं भाडं वेगळं, जागेचं वेगळं, आणि दोन्हींची मुदत वेगवेगळ्या तारखेला संपू शकते. एक भरलं म्हणून दुसरं भरलं असं होत नाही. नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं. ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ असं नाव असतं तसं २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ असंही घेता येतं.

माझ्या ओळखीच्या एका वहिनींची हकिकत सांगते. यजमान बोटीवर, वर्षातले आठ महिने बाहेर. घरी कलमं, सासूबाई आणि दोन मुलं. वहिनींनी पुतण्याच्या मित्राकडून वेबसाइट करून घेतली होती. मुलगा चांगला, हुशार. पैसेही थोडेच घेतले. पाच हंगाम छान गेले. आणि सहाव्या वर्षी एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात पुण्याच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, “अहो, दुकान बंद केलंत की काय? तुमच्या जागी भलत्याच जाहिराती दिसताहेत.”

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. डोमेनची मुदत संपली होती. मुदतीआधी सूचना पाठवायच्या असतात, त्या गेल्याही होत्या. पण नाव नोंदवताना त्या मुलानं स्वतःचा ईमेल दिला होता, आणि बंगलोरला नोकरी लागल्यावर तो ईमेल त्यानं सोडून दिला होता. त्याचा फोन नंबरही बदललेला. शेवटी गावी त्याच्या आईला गाठून नंबर मिळवला. बिचाऱ्यानं रात्री जागून जुना ईमेल उघडला, पैसे भरले गेले आणि नवव्या दिवशी दुकान पुन्हा दिसू लागलं. पण आंब्याच्या सुरुवातीचे नऊ दिवस म्हणजे काय, हे बागायतदाराच्या घरच्या बाईला सांगायला नको. भाव तेव्हाच असतो. गिऱ्हाइकं थांबत नाहीत.

वहिनी तरीही सुदैवी. डॉट कॉमच्या नावाची मुदत संपली की विकणाऱ्या कंपनीच्या नियमाप्रमाणे थोडे दिवस, जास्तीत जास्त पंचेचाळीस, ते नेहमीच्या दरानं परत घेता येतं. त्यानंतर तीस दिवस सोडवणुकीचे असतात. त्यात मिळतं, पण दंड कितीतरी पट बसतो. त्यानंतर पाच दिवसांनी नाव मोकळं होतं आणि ज्याला हवं तो ते घेऊ शकतो. पाच वर्षं कमावलेलं नाव, खोक्यांवर छापलेलं नाव, दुसऱ्याचं होतं. तक्रार करायला जावं तर कागदोपत्री ते तुमचं कधी नव्हतंच.

त्या हंगामानंतर वहिनींनी पहिलं काम केलं ते डोमेन स्वतःच्या खात्यात वळवून घेण्याचं. त्या मुलानं आनंदानं करून दिलं. आमची सासूबाईंच्या वयाची पिढी सांगायची, जमिनीच्या कागदावर आपलं नाव आहे की नाही ते बघून घ्यावं. हेही तसंच आहे. यात कुणावर अविश्वास नाही. काम जिनं करायचं, किल्ली तिच्या हातात हवी.

फुकटच्या जागेविषयीही एक शब्द. सगळा धंदा दुसऱ्याच्या फुकट पानावर उभा करू नका. याहूच्या जिओसिटीजवर लोकांनी हौसेनं मांडलेली पानं २००९ साली तिच्याबरोबर गेली. तुमच्या-माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं ऑर्कुट आठवतं ना? ३० सप्टेंबर २०१४ ला तेही मिटलं. दुसऱ्याच्या अंगणात खेळावं, पण चूल मांडू नये.

वेबसाइटच्या नेहमीच्या तक्रारी

वेबसाइट दिसत नाही असं वाटलं तर आधी ती शेजारणीच्या फोनवर उघडून पाहा. तिथे दिसत असेल तर दोष आपल्या घरच्या जोडणीचा. तिथेही दिसत नसेल तर नावाची तारीख बघा, मग होस्टिंगची. होस्टिंग नुकतंच बदललं असेल तर थोडा धीर धरा. नवा पत्ता सगळीकडे पोचायला काही तास, कधी दोन दिवसही लागतात. म्हणून असे बदल हंगामात कधीही करू नका. गणपती झाल्यावर करा.

‘सुरक्षित नाही’ असा इशारा सगळ्यांनाच दिसत असेल तर ओळखीच्या दाखल्याची मुदत संपली असेल. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था हा दाखला मोफत देते आणि बहुतेक होस्टिंगवर तो आपोआप नवा होतो. पण कधीकधी गाडं अडतं. होस्टिंगवाल्याला कळवलं की थोड्या वेळात होतं.

मागण्यांचे ईमेल यायचे थांबले, नवा फोटो चढेना, असं झालं तर जागा भरली आहे का ते पाहा. पुष्कळ ठिकाणी पत्रं आणि पानं एकाच जागेत राहतात. पाच वर्षांची जुनी पत्रं, त्यांना जोडलेली चित्रं यांनी कोठी भरते. जतन करण्यासारखी उतरवून घ्या, बाकीची पुसा.

पान उघडायला फार वेळ लागतो याचं कारण बहुधा फोटो. मोबाइलवर काढलेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो. तसे वीस फोटो चढवले तर गिऱ्हाईक पेटी दिसायच्या आतच कंटाळून निघून जातं. फोटो लहान करून, साधारण दोनशे केबीपर्यंत आणून मगच चढवा. डोळ्यांना फरक कळत नाही.

आणि आपल्या पानावर भलत्याच जाहिराती येऊ लागल्या, पण नावाची मुदत तर शिल्लक आहे, असं असेल तर कुणीतरी आत शिरलं आहे. पासवर्ड बदला, वेबसाइटची प्रणाली आणि तिच्या जोडण्या ताज्या करून घ्या आणि पूर्वीची स्वच्छ प्रत परत चढवा. प्रत असेल तर! पुन्हा तीन-दोन-एक आठवा.

होस्टिंगवाल्याला लिहिताना ‘चालत नाही, लवकर करा’ एवढंच लिहू नका. डॉक्टरांना आपण ताप कधीपासून, किती ते सांगतो. तसंच इथे कधीपासून, पडद्यावर नेमके कुठले शब्द येतात आणि त्याआधी काय बदललं होतं ते लिहा, पडद्याचा फोटो जोडा. उत्तर लवकर येतं.

ठगांपासून सावध

‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, आम्ही सांगतो ते बटण दाबा,’ असा फोन कुणी आपणहून करत नाही. केला तर तो ठग समजावा. ‘डोमेनची मुदत आज संपते, या खुणेवर पैसे भरा,’ अशी पत्रंही येतात. त्या खुणेवर बोट न ठेवता आपल्या नेहमीच्या खात्यात जाऊन तारीख बघा. आंब्याच्या हंगामात एक प्रकार विशेष चालतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘ताई, आगाऊ पैसे पाठवतो, फक्त हा चौकोन स्कॅन करून पिन घाला.’ पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन घातला की पैसे जातात. तरी फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकं लवकर, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

एक वही करा

शेवटी या सगळ्याचं सार एका वहीत मावतं. वही म्हणजे वहीच, कागदाची. तिच्यात डोमेनचं नाव, ते कुठल्या कंपनीकडून घेतलं, कुठल्या ईमेलवर नोंदवलं, मुदत कधी संपते ते लिहा. होस्टिंगचंही तसंच लिहा. खात्रीसाठी येणारा आकडा कुणाच्या फोनवर येतो ते लिहा, आणि तो फोन बोटीवर किंवा मुंबईला असेल तर आपल्या हाताशी असलेल्या फोनवर वळवून घ्या. हार्ड डिस्कवर शेवटची प्रत कधी घेतली ते लिहा. पासवर्डही लिहायला हरकत नाही. पण वही मग दागिन्यांच्या शेजारी, कुलपात. बँकेचा पिन मात्र तिथेही नको. वही कुठे आहे ते घरातल्या आणखी एका विश्वासाच्या माणसाला माहीत असू द्या.

मुदतीच्या तारखा कॅलेंडरवर लिहा. गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख, दूधवाल्याचे खाडे आपण लिहितोच, त्याच रांगेत ही एक नोंद. आणि मुदत संपण्याआधी महिनाभर अगोदरच्या पानावरही एक खूण करा.

या कामाला पदवी लागत नाही. आपल्यापैकी कितीतरी जणी एमएस-सीआयटी करून बसल्या आहेत आणि ते प्रमाणपत्र कपाटात पडून आहे. ज्या बाईला चार महिन्यांची बेगमी डोक्यात ठेवता येते, बिशीचा हिशेब चुकत नाही, तिला दोन तारखा आणि तीन प्रती सांभाळणं जड नाही. यंदा मिरगाआधी आमसुलं बरणीत भरून झाली, की दुपारचा एक तास काढा आणि तेवढी वही लिहून टाका.